कारण: गटात पाहा

आमच्या मराठी स्पेलचेकरच्या शब्दतक्त्यात चार रकाने आहेत: शब्द, जात, सामान्यरूप आणि कारण. गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने या तक्त्यातल्या दुहेरी नोंदी साफ करून पाठवल्या. पोरगा मेहनती आहे, काम नेटकं होतं. त्याने उडवलेल्या ओळींत एक ओळ ‘जीवाला’ची होती. ‘जिवाला’ आधीच आहे, म्हणजे हा दीर्घ जी चुकून आला असणार, असा त्याचा हिशेब. मी कारणाच्या रकान्यात पाहिलं. तिथे आमच्या चॅट ॲपमधल्या २०१९ सालच्या एका संदेशाचा दुवा होता. तो उघडला, तर हा संदेश पाहायचा असेल तर पैसे भरा, असं पान समोर आलं.

त्या ॲपने आठवडाभरापूर्वी मेल पाठवला होता. स्वयंसेवी प्रकल्पांना दिलेली सवलत बंद होतेय, अमुक तारखेनंतर जुने संदेश दिसणार नाहीत. मी तो वाचला होता, तारीख डोक्यात ठेवली होती आणि माझ्या मते अजून तीन दिवस बाकी होते. संदेश त्याआधीच झाकले गेले. त्यांच्या मदतकक्षाला लिहिलं, तर दोन दिवसांनी छापील उत्तर आलं आणि त्यात सशुल्क योजनांची यादी होती. नऊ माणसांनी सहा वर्षं फुकट दिलेली बुद्धी त्यांच्या गोदामात पडून होती आणि किल्ली मागितली तर ते आम्हाला भाडं सांगत होते. मला याचा संताप आला, अजून येतो.

आमचं ऑफिस एरंडवण्यात, माणसं पाच. प्रकाशकांसाठी मराठी मजकुराची साधनं करतो आणि त्यातला शब्दतक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. तो हनस्पेल या खुल्या शुद्धलेखन-तपासनिसाच्या रूपात जातो, म्हणजे लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चालतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, स्पेलचेकर म्हणजे शब्दांची लांबलचक यादी. मराठीत नुसत्या यादीने भागत नाही. ‘गरीब’ला प्रत्यय लावला की ‘गरिबाला’, री ऱ्हस्व होते. ‘शरीर’चं मात्र ‘शरीराला’, दीर्घ तशीच राहते, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तत्सम शब्द. ‘लाकूड’चं ‘लाकडाला’, तिथे ऊ पुरताच जातो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आहेत, पण नियम सांगतो तत्सम शब्दाला काय करायचं. समोरचा शब्द तत्सम मानायचा की मराठीत मुरलेला, हे माणसाने बसून ठरवावं लागतं. हजारो शब्दांसाठी, एकेक करून. संगणकाला ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा पाचजणांनाही कळत नव्हतं.

ते काम काकांनी केलं. काका नारायण पेठेत राहतात, वय ७९. आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. खिळ्यांच्या छपाईच्या काळात गॅली, म्हणजे तपासायचे कच्चे छापे, वाचायला बसले आणि ऑफसेटवर निवृत्त झाले. टाइप करणं त्यांना जमत नाही असं नाही, पण हात सावकाश चालतो. म्हणून ते पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी घेतात, तिच्यावर शब्द, रूपं आणि कारण लिहितात, मोबाइलवर फोटो काढतात आणि गटात टाकतात. लग्नपत्रिकांच्या पाठी, कॅलेंडरची पानं, विजेच्या बिलाचा मागचा भाग. अक्षर इतकं एकसारखं की आम्ही तरुण मंडळी ते फोटो मोठे करून बघत बसायचो.

आता ते बंदिस्त ॲप का निवडलं, ते सांगते. कारण निवडलं मीच.

२०१८ मध्ये प्रकल्प सुरू झाला तेव्हा आमच्यातला एक ज्येष्ठ सहकारी आयआरसीसाठी, म्हणजे इंटरनेटवर गप्पा मारायच्या एका जुन्या, खुल्या रीतीसाठी, हटून बसला होता. त्याचं म्हणणं पक्कं होतं. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्याचं, कर्नलचं, काम २००२ पासून बिटकीपर या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या मालकीच्या साधनावर चाललं होतं, एप्रिल २००५ मध्ये त्याचा फुकट परवाना काढून घेतला गेला आणि लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांना त्याच्या जागी घाईने गिट लिहायला बसावं लागलं. दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडायचा नाही, असं तो म्हणायचा. मुद्दा त्याचा बरोबर होता, आज तर मी शपथेवर सांगेन. पण ज्याला आयआरसी जमत नाही त्याने प्रकल्पात येऊ नये, असंही तो म्हणायचा. काकांना ते दोन महिने जमत नव्हतं आणि त्यात काकांचा दोष नव्हता. आयआरसी १९८८ ची. तिच्यात एक संदेश सगळं धरून ५१२ बाइटांचा. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे दीडशे चिन्हांच्या आसपास ओळ संपली. आमच्या वापरातलं सॉफ्टवेअर ती अक्षराच्या मधोमध तोडायचं आणि पलीकडे चौकोन दिसायचे. ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा चाललीय आणि वेलांटीच तुटून पडतेय! शिवाय काकांच्या मोबाइलचा पडदा बंद झाला की जोडणी तुटायची, आणि मधल्या वेळेत कोण काय बोललं ते गेलंच. आयआरसी आठवण ठेवत नाही. फोटो पाठवायची सोय तर नाहीच.

मग मी ते ॲप आणलं. काका दहा मिनिटांत शिकले. पहिल्या आठवड्यात चाळीस चिठ्ठ्या आल्या. तो सहकारी प्रकल्प सोडून गेला.

मोकळी साधनं नव्हती असं नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने मार्च २०२० मध्ये आपली आयआरसी बंद केली आणि ते मॅट्रिक्स या चॅटच्या खुल्या व्यवस्थेवर गेले, तेव्हा आम्हीही मॅट्रिक्सची खोली काढून पाहिली. खाजगी खोली होती, त्यामुळे संदेश कुलूपबंद व्हायचे. काका एकदा लॉगआउट होऊन परत आले तर त्यांना त्यांचेच जुने संदेश उलगडेनात. किल्ली कुठे जपून ठेवली, असं ॲप विचारत होतं. काकांनी मला फोन केला, “अगं, कसली किल्ली?” मी म्हटलं, राहू द्या, आपलं जुनंच बरं. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसीच्या मोठ्या जाळ्याच्या मालकीवरून भांडण झालं, ते चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि लिबेरा चॅट उभं राहिलं. कितीतरी प्रकल्प सर्व्हरचा पत्ता बदलून तिकडे गेले. बोलायची रीतच कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून ते जमलं. मी ते सगळं वाचलं, पटलं आणि काही केलं नाही. सगळं सुरळीत चाललं असताना हलवायला मन होत नाही. इथे माझं चुकलं.

तर त्या शनिवारी सकाळी मी त्या ॲपकडून आमच्या संदेशांची निर्यात मागवली. गटाच्या संचालकाला सगळ्याची प्रत मिळते असं त्यांच्या पानावर लिहिलंय. आली ती अशी: दर दिवसाची एक फाइल, आत माणसांची नावं नाहीत, सांकेतिक क्रमांक. खाजगी संदेश नाहीतच. एखाद्या प्राध्यापकांची चूक सगळ्यांसमोर दाखवायला काकांना संकोच वाटायचा, ते मला एकटीला लिहायचे. ते सगळं गेलं. सार्वजनिक चर्चा मात्र शब्दन् शब्द आली होती. मी ‘जीवाला’ शोधलं. माझा प्रश्न सापडला: “काका, दोन्ही ठेवायची का?” खाली काकांचं उत्तर: “कारण चिठ्ठीत लिहिलंय.” त्याखाली फोटोचा पत्ता. फोटो निर्यातीत नव्हता, आणि त्या पत्त्यावर पुन्हा तेच पैसे भरा.

मी स्कूटर काढली आणि नारायण पेठेत गेले. काकांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. चिठ्ठ्या आहेत का, असं मी विचारलं. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, “तूच म्हणाली होतीस ना, तिथे सगळं राहतं, कागद सांभाळायची गरज नाही. दर दिवाळीला रद्दीत घातले.”

मी तसं म्हटलं होतं. मला तो दिवसही आठवतो. काकू घरातल्या कागदांनी वैतागल्या होत्या आणि मी हसत हसत म्हटलं होतं.

काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मोबाइलमध्ये असतील की. हे काही पुसत नाहीत.” खरंच होते. नातवाच्या मुंजीचे, औषधांच्या पाकिटांचे, बंद पडलेल्या मीटरचे, आणि त्यांच्यात पेरलेले चिठ्ठ्यांचे फोटो. २०२० च्या अखेरीपासूनचे. त्याआधीचा फोन नातवाला दिला होता, त्याने तो पूर्ण पुसून वापरायला घेतला होता. पण काकांच्या ईमेल खात्यावर जुने फोटो आपोआप चढत होते, जागा भरेपर्यंत. म्हणून २०१९ मधल्या सात-आठ महिन्यांचे मिळाले. एकूण चारशे बारा चिठ्ठ्या.

आता कुठली चिठ्ठी कुठल्या प्रश्नाची, हे कसं जुळवायचं? पुष्कळ चिठ्ठ्यांवर शब्द नाहीच, नुसतं ‘दुसरं रूप चालेल, कारण…’ असं. निर्यातीत संदेशाची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, ग्रीनिचच्या घड्याळाने. फोटोच्या पोटात ती आपल्या घड्याळाने लिहिलेली. साडेपाच तास मिळवायचे, मग काकांच्या प्रत्येक संदेशाआधीच्या दहा मिनिटांत काढलेला शेवटचा फोटो उचलायचा. काका लिहितात, फोटो काढतात, चष्मा बदलतात आणि मग पाठवतात. त्याला चार ते सात मिनिटं लागतात, हे त्या रात्री मला आकड्यांत दिसलं. तक्त्यातल्या दुव्यांच्या शेवटीही तीच सेकंदांची संख्या होती, त्यामुळे चिठ्ठीपासून थेट ओळीपर्यंत पोचता आलं. रात्री दीडला प्रोग्रॅम चालवला. दोनशे सत्त्याऐंशी जुळल्या.

‘जीवाला’ची त्यात होती. लग्नपत्रिकेची पाठ, गणपतीची उमटलेली लाल आकृती उलटी दिसतेय, आणि वर काकांचं अक्षर: “जिवाला घोर लागतो. जीवाला पेशी असतात. पहिला आपला मराठीत मुरलेला, दुसरा शास्त्राच्या पुस्तकातला तत्सम. दोघांना एकाच मापाने कापू नये.” कोपऱ्यात मुद्रितशोधकांची ती ‘आहे तसंच ठेवा’ची खूण, शब्दाखाली टिंबांची ओळ.

मी तो फोटो त्या मुलाला पाठवला. त्याने पाच मिनिटांत आपला बदल मागे घेतला आणि विचारलं, “मॅडम, हे तक्त्यातच का नाही लिहून ठेवलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोलणं वाहतं असतं आणि वाहत्याला दुवा देऊन आम्ही मोकळे झालो. रकान्यात एक वाक्य लिहायला कितीसा वेळ लागला असता?

आता आम्ही झुलिप या खुल्या चॅट ॲपवर आहोत, आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर. तो सांभाळायचं काम माझं, रविवारी सकाळी. झुलिपमध्ये प्रत्येक बोलण्याला विषय द्यायचा असतो, सुरुवातीला ते कटकटीचं वाटतं. आमच्यासाठी तेच सोन्यासारखं ठरलं: एक शब्द, एक विषय. ‘जीव’ म्हटलं की त्याखाली सहा वर्षांचं सगळं एकत्र दिसतं. जुनी निर्यात त्याला समजेल अशा रूपात आणली, फोटो जागच्या जागी बसवले. खात्याशिवायही कोणालाही वाचता येतं. रोज रात्री सगळ्याची प्रत निघते, एक ऑफिसात राहते आणि एक त्या मुलाकडे. काकांना शिकायला दोन संध्याकाळी लागल्या. विषय निवडायला ते अजून विसरतात, मग कोणीतरी संदेश उचलून योग्य जागी ठेवतो. आणि काका चिठ्ठ्या आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. मी सांगितलं नव्हतं.

दोनशे सत्त्याऐंशी सोडून उरलेल्यांचं काम चालू आहे. ज्या ओळींना कारणच उरलं नाही, त्यांतले रोज दोन शब्द मी काकांना नव्याने विचारते. ते न कंटाळता उत्तर देतात आणि मी ते चौथ्या रकान्यात पूर्ण वाक्यात लिहिते. मंगळवारी एका शब्दावर ते अडले. तक्त्यात आम्ही ऱ्हस्व धरलाय, त्यांच्याच सांगण्यावरून. आज त्यांना तो दीर्घ हवा असं वाटतंय. बराच वेळ ते कागदाकडे पाहत बसले आणि मग मला म्हणाले, “तेव्हा मी ऱ्हस्व म्हटलं, म्हणजे काहीतरी कारण असणारच गं. काय म्हटलं होतं मी?”