रोडस्टरची नवी चेन : ताणाचा पेच सुटला

मागच्या नोंदीत माझ्या रोडस्टरची, म्हणजे जुन्या धाटणीच्या साध्या सायकलची, चेन बदलायचे ठरले होते. ती बदलून झाली, परंतु नंतर ताणाने असा पेच टाकला की बाकीची सारी कामे मागे पडली. तो आता सुटला आहे, म्हणून ही नोंद.

निवडीला फार वेळ लागला नाही. जुन्या चेनच्या २४ कड्या नव्या असताना बरोबर १२ इंच भरतात. पोलादी पट्टीवर त्या एक सूत (१/८ इंच) जास्त भरल्या. अर्ध्या सुतालाच चेन बदलावी, एक सुतापर्यंत फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही खाल्ले जातात, त्यामुळे १८ दात्यांचे फ्रीव्हीलही नवे घेतले. (यासाठी चेनची झीज मोजणारे महागडे गेज घेण्याची गरज मला आजही पटलेली नाही.) एका दुकानदाराने गिअरच्या सायकलची ३/३२ इंच रुंदीची चेन ‘सगळ्यांना चालते’ म्हणून पुढे केली, १/८ इंची दात्यांवर ती बसतच नाही, म्हणून साधी १/८ इंची चेन घेतली, १०६ कड्यांवर तोडली आणि लॉकच्या (चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचे बंद टोक चेन पळते त्या दिशेला ठेवून जोडली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पॅडल एका जागी आले की चेन तारेसारखी ताठ होई आणि अर्ध्या फेऱ्याने चांगला बोटभर झोल पडे. झोलाच्या जागी ताण बेतला तर ताठ जागी बेअरिंगवर भार येई. ताठ जागी बेतला तर चेन उतरण्याची भीती. पहिला संशय एखाद्या आखडलेल्या कडीवर गेला, पण दोष चेनचा असता तर ताठ जागा क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) सुमारे २.४ फेऱ्यांनी परत आली असती, आणि फ्रीव्हील वाकडे असते तर अर्ध्या फेऱ्याच्याही आत. खडूची खूण करून पाहिले, तेव्हा ती प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी येत होती. म्हणजे ४४ दात्यांचे पुढचे चक्र, म्हणजे चेनव्हीलच, केंद्रातून सरकलेले होते.

सायकलचे रूपांतर केले तेव्हा, ज्यावर चेनव्हील पाच बोल्टांनी बसते असा क्रँक बसवला होता, ते येथे कामी आले. पाचही बोल्ट किंचित सैल करून, ताठ जागा वर आणून चेनवर लाकडी हातोडीने हलकेच ठोकले, बोल्ट एकाआड एक आवळले, पुन्हा फिरवून पाहिले. असे करत करत फरक इतका कमी झाला की तो आता बोटाला जेमतेम कळतो. पॅडल उलटे फिरवताना ऐकू येणारी ती एकसारखी सळसळ कितीही वेळ ऐकावीशी वाटते!

एक गोष्ट मात्र उरली आहे. मागच्या चाकाचा ॲक्सल फ्रेमच्या चिमट्याच्या खाचेत अगदी मागे गेला आहे आणि चेन थोडी वाढली की ताणायला जागाच उरणार नाही. चेनचा पूर्ण जोड (दोन कड्या) काढला तर ॲक्सल १२.७ मिमी पुढे येतो आणि टायर मडगार्डला घासतो, म्हणून अर्धी कडी (जोडाऐवजी एकाच कडीएवढी चेन कमी करू देणारा तुकडा) मागवायचे ठरवले होते. परंतु हे लिहिता लिहिता हिशेब केला : फ्रीव्हीलचा एक दाता वाढला की ॲक्सल सुमारे ३.२ मिमी पुढे सरकतो, म्हणजे २० दात्यांचे घेतले तर ६.४ मिमी, नेमके अर्ध्या कडीएवढेच. शिवाय गिअर (पुढच्या-मागच्या दात्यांचे प्रमाण गुणिले चाकाचा व्यास) ६८ इंचांवरून ६२ च्या खाली येईल, आणि चढावर गुडघ्यांना तो मानवेल. अर्ध्या कडीचा बेत तूर्त थांबवला आहे. नुकत्याच घेतलेल्या १८ च्या फ्रीव्हीलचे काय करायचे, ते मग पाहू.