सोबत कोण आहे?

आज एक छोटी तपासणी झाली, भुलीचं औषध देऊन. त्यानंतर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही आणि घरी न्यायला मोठं माणूस सोबत हवंच. (पोस्ट लिहायला मनाई नाही, विचारून घेतलंय.) आई-वडील नाहीत, भावंडं नाहीत, लग्न नाही. अशांना तपासणीपेक्षा 'सोबत कोण?' याचीच धास्ती जास्त.

शेजारच्या ताई आल्या, रजा टाकून. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलं. कुणी काही विचारलंही नाही.

हे आपोआप जमलेलं नाही बरं का. दुसऱ्याच्या अडीनडीला धावणं मला सोपं जातं, पण आपली अडचण तोंडाने सांगणं महाकठीण! रक्ताच्या नात्यात गृहीत धरता येतं, इथे विचारावं लागतं. आता घराची जादा किल्ली ताईंकडे, औषधांची यादी एका मित्राकडे आणि रोज सकाळचा 'उठले' हा मेसेज कॉलेजच्या मैत्रिणीला. सगळं एकाच माणसावर टाकलं की ते माणूस दमतं.

आणि एक, आपत्कालीन संपर्क म्हणून नाव दिलं म्हणजे त्या व्यक्तीला आपल्या उपचारांचा निर्णय घेता येतोच असं नाही. तो अधिकार बहुधा वेगळा, लेखी द्यावा लागतो आणि नियम देशोदेशी निराळे. धडधाकट असतानाच वकिलाला विचारून घ्या.

पुढच्या महिन्यात ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. माझ्या रजेचा अर्ज कालच गेलाय.