वल्ह्याला व्हार्निश नको

दुपार कलून ऊन लाकडी कायाकवर, म्हणजे लांबट अरुंद होडीवर, तिरपं पडलं की घासकामातली सगळी लबाडी उघडी पडते. सकाळी गुळगुळीत वाटलेल्या अंगावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरचे ओरखडे दिसायला लागतात. ८० वरून थेट बारीक २२० वर उडी मारली की हेच होतं. मधला १२० टाळता येत नाही. शिवाय घासण्याआधी लाकडावर चढवलेलं इपॉक्सी (राळेचा टणक थर) पाण्याने चोळून धुवायला हवं. बऱ्याच इपॉक्सींवर सुकताना मेणचट थर येतो. तो राहिला तर पेपर भरतो आणि वरचं व्हार्निशही धरत नाही.

व्हार्निश हवंच. इपॉक्सीला भय उन्हाचं: अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, मग भुसभुशीत होतं. म्हणून हे किरण अडवणाऱ्या व्हार्निशचे चार ते सहा हात, आणि दर दोन हातांमध्ये ३२० च्या पाणपेपरने हलकी घासणी. एकच जाड हात देऊन सुटका करू पाहिली, तर तो ओघळतो, वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते. तरी एखादी माशी येऊन चिकटतेच. ओल्यात तिला उचलायला जाऊ नये, पाय मागे राहतात. सुकल्यावर घासून काढावी.

एवढे लाड बोटीचे. वल्हं मात्र उरलेल्या फळीतून, उरलेल्या उत्साहात. खरं तर तासन् तास मुठीत असतं ते वल्हंच.

ग्रीनलंडच्या धर्तीच्या अरुंद वल्ह्याला मोजपट्टीही फारशी लागत नाही. लांबी एक वाव (दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर) अधिक एक हात (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत). पातं अंगठा आणि बोटांच्या पकडीत मावेल एवढं रुंद, साधारण ८ ते ९ सेंटिमीटर. फळी रेड सीडर लाकडाची, बिनगाठीची, तंतूंच्या सरळ रेषांची. रेषा तिरप्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील, तर वल्हं मोडेल ते तिथेच. मध्यरेषा चारी बाजूंनी पेन्सिलीने आखाव्यात आणि रंध्याखाली शेवटपर्यंत जपाव्यात; त्या गेल्या की दोन पाती एकमेकांशी पिळतात. दांडा आधी चौकोनी, मग कोपरे मारून आठकोनी, मग सोळाकोनी, आणि त्यानंतर पेपर. पुरता गोल करूच नये. किंचित लंबगोल ठेवला की पातं कोणत्या कोनात आहे, हे न बघता मुठीला कळतं. अधूनमधून मध्यावर बोट धरून तोलावं. जी बाजू झुकेल तिच्यावर रंधा.

बोटीशी जोडी जुळावी म्हणून वल्ह्यालाही व्हार्निश द्यायचा मोह होतो. देऊ नये. ओल्या हातात ते निसरतं आणि तळव्याला फोड येतात. उकळलेलं जवसाचं तेल चोळावं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि तेलाची ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते, मग काडी न ओढताही फडकी पेट घेतात. फडकी उघड्यावर एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.