डावखुरी कात्री मिळवताना: माझा अनुभव

गोधडी शिवताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असं कुणी विचारलं, तर मी टाक्यांचं नाव घेणार नाही. वेळ गेला तो कात्रीत. मी डावखुरी आहे, आणि डाव्या हातात खरोखर चालेल अशी कापडाची कात्री मिळवणं म्हणजे काय प्रकार असतो ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. कापड जमवणं, धुणं, इस्त्री करणं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. एवढंच, की नवं सुती कापड कापण्याआधी धुऊनच घ्या. ते आटतं, आणि गडद लालाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला की मग रडून उपयोग नसतो.

आमच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांनी उभ्या जन्मात किती वाकळा शिवल्या असतील त्यांनाच ठाऊक, पण कात्रीचं मला वाटतं तेवढं कौतुक त्यांना कधीच वाटलेलं नाही. जुनं सुती लुगडं घ्यायचं, काठाशी बोटभर काप द्यायचा आणि टर्रकन फाडायचं. सुती कापड दोऱ्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे पट्टी कात्रीने कापल्यापेक्षा सरळ निघते. हे मी आजही करते, तुम्हीही करा. पण मला हवे होते त्रिकोण, तेही शे-दीडशे. तिरकं कापड फाडायला गेलं तर ते ओढलं जातं आणि त्याचा आकारच बिघडतो. तिथे कात्रीला पर्याय नाही.

आता डावखुऱ्यांची अडचण. कात्री टोक आपल्यापासून लांब राहील अशी धरा आणि उघडा. वरचं पातं उजवीकडे असेल तर ती उजव्या हाताची. उलटी-पालटी करून बघा, उजवीकडचंच पातं वर राहील. उजव्या हाताने कापताना अंगठा आणि बोटं दोन्ही पात्यांना नकळत एकमेकांवर दाबत असतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून लांब ढकलतो. कापड मधे दुमडतं, चघळल्यासारखं होतं, आणि कापायची रेघ वरच्या पात्याच्या आड जाते. कागदाला निभावून जातं, मऊ मलमलीला नाही.

रविवार पेठेत विचारलं. एका दुकानदाराने तीच उजवी कात्री उलटी करून माझ्या हातात दिली, "घ्या, झाली डावी!" दुसरा म्हणाला, "ताई, डावरी गिऱ्हाइकं येतात कुठे?" दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. ती सगळी गिऱ्हाइकं याच दुकानातून उजवी कात्री घेऊन मुकाट घरी जात असणार. मग ऑनलाइन मागवली. नावातच ठळक अक्षरांत 'डावखुऱ्यांसाठी खास' होतं, लांबी दहा इंच.

खोकं उघडलं. मूठ खरोखर डाव्या हाताच्या घडणीची होती, अंगठ्याची खाच अगदी बरोबर बसली. पाती मात्र उजवीच! म्हणजे उजव्या कात्रीला डावी मूठ चढवलेली. ही कात्री उजव्या हाताला टोचते आणि डाव्या हातात कापत नाही. जगात एकाही माणसाच्या कामाची नाही अशी वस्तू कुणीतरी विचारपूर्वक बनवली होती.

परतीच्या फॉर्मवर कारणं अशी होती: वस्तू तुटलेली आली, वेगळीच वस्तू आली, साईज बसत नाही, विचार बदलला. मी 'वेगळीच वस्तू आली' निवडलं. फोटो मागितला, पाठवला. उत्तर आलं, "तुमचा फोटो आणि साइटवरचा फोटो जुळतो आहे, तक्रार बंद करत आहोत." जुळणारच! साइटवरच्या फोटोतसुद्धा पाती उजवीच होती, एवढंच तर मी सांगत होते.

मग फोन. "मॅम, प्रॉडक्ट वर्किंग कंडिशनमध्ये आहे का?"

"कापते, पण उजव्या हाताने."

"म्हणजे वर्किंग आहे, मॅम."

तक्रार पुन्हा बंद. दर वेळी फोनवर नवीन माणूस, दर वेळी वरचं पातं-खालचं पातं पहिल्यापासून. त्यातली एक मुलगी खरंच समजून घेत होती, पण तिच्या स्क्रीनवर त्यासाठी पर्यायच नव्हता. शेवटी व्हिडिओ काढला. डाव्या हातात ती कात्री, खाली मलमल, आणि मलमल कशी दुमडते ते अगदी जवळून. त्यावर मेल आली की कापडाऐवजी कागद कापून दाखवा. कापडाच्या कात्रीने कागद? आमच्या घरात त्या कात्रीला कागद लावणाऱ्याचं काय होतं ते मुलांना विचारा. कागदाने धार जाते. शिवाय कागद ती कशीबशी कापणारच होती आणि तक्रार पुन्हा बंद होणार होती. मी सरळ नकार कळवला.

अखेर एक मुलगा न्यायला आला. त्याला दारातच वस्तू तपासून घ्यायची होती. त्याने कात्री उजव्या हातात घेतली, खोक्याची चिकटपट्टी सटकन कापली. "ताई, चालतीये की."

मी म्हटलं, "बाबा, डाव्या हातात घे," आणि एक चिंधी दिली. चिंधी पात्यांमध्ये घडी होऊन बसली. त्याने परत केलं, परत घडी. "आयला, खरंच की!" एवढ्या दिवसांत माझं म्हणणं ज्याने पटलं म्हटलं असा हा पहिला माणूस. पण त्याच्या अॅपमध्ये वस्तू उचलायची तर एकच कारण चालत होतं: विचार बदलला. तेच लावून तो कात्री घेऊन गेला. पैसे आले, पोचवणावळ कापून, कारण 'विचार बदलणारीने' ती सोसायची असते. माझा विचार पहिल्या दिवसापासून तसूभरही बदललेला नाही. आणि ती कात्री आजही तिथे त्याच नावाने विकली जाते.

तुम्ही मागवणार असाल तर आधी फोटो मोठा करून पाती बघा. नाहीतर विक्रेत्याला लेखी विचारा, वरचं पातं डावीकडे आहे का. उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

या सगळ्या काळात काम अडलं नाही ते फिरत्या पात्याच्या कटरमुळे. हा ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये आणला. गोल पातं कापडावरून फिरवत न्यायचं. पाती १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटरची मिळतात, गोधडीला ४५ पुरे. साध्या सरळ दांड्याच्या कटरचा स्क्रू काढून पातं दुसऱ्या बाजूला लावलं की तो डाव्या हाताचा होतो. इतकं सोपं! खाली त्याची खास चटई आणि बाजूला जाड पारदर्शक पट्टी लागते. पट्टीवर आकडे दोन्ही बाजूंनी छापलेले घ्या, आपल्याला उजवीकडून मोजायचं असतं. चटई उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, वाकते आणि मग सपाट होत नाही. पातं मधेच एखादा दोरा सोडायला लागलं की बदला. आणि दर कापानंतर पात्यावरचं झाकण ओढायचं, फोन वाजला तरी आधी झाकण. लोण्यासारखं कापड कापणारं पातं बोटाला वेगळी वागणूक देत नाही.

त्रिकोणांचा हिशेब: पाव इंच शिवण धरली आणि तयार त्रिकोणाची बाजू तीन इंच हवी असेल, तर चौकोन चार इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी असा कापायचा आणि तिरका चिरायचा. एका चौकोनात दोन त्रिकोण.

कटर सरळ रेघेचा राजा असला तरी वळणाला आणि कोपऱ्याला कात्रीच लागते. ती शेवटी चुलत बहिणीने आणली. बहीण जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असते, जवळच झोलिंगेन आहे, चाकू-कात्र्यांचं जुनं गाव. तिथे न बनलेल्या पात्यावर 'झोलिंगेन' लिहायला कायद्याने बंदी आहे, १९३८ पासून. तिने दुकानात फक्त "डाव्या हाताची" म्हटलं आणि दुकानदाराने खरी डावी पाती असलेली काढून दिली, कुठलाही प्रश्न न विचारता. (आणणाऱ्याला बजावा, कात्री चेक-इन बॅगेत. केबिनमध्ये नेली तर विमानतळावरच राहील.) महाग पडली, पण मलमलीच्या चार घड्या अगदी टोकापर्यंत कापते. कात्री घेताना हीच परीक्षा घ्या, टोकाने कापायला लावा. मुळाशी सगळ्याच कापतात.

उजव्या हातवाल्यांना एवढं लांब जायची गरज नाही. मेरठच्या कात्र्या उत्तम असतात, २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय, आणि पुन्हा पुन्हा धार लावून त्या वर्षानुवर्षं वापरता येतात. धारवाल्याला मात्र आतली बाजू दगडाला लावू देऊ नका. बंद कात्री उजेडाकडे धरली की पात्यांच्या मधे बारीक फट दिसते, ती मुद्दाम ठेवलेली असते. आतून घासून सपाट केली की कात्री कामातून गेली.

घरात डावखुरं मूल असेल तर शाळेची कात्री घेतानाही पाती बघा. "याला नीट कापताच येत नाही" हे वाक्य मी लहानपणी पुष्कळ ऐकलंय.

माझा आवडता भाग म्हणजे मांडणी. सगळे त्रिकोण फरशीवर पसरायचे, पंखा बंद करायचा आणि खुर्चीवर उभं राहून वरून बघायचं. निळ्याशेजारी निळा आला की लगेच डोळ्यात खुपतो. मी दोन संध्याकाळी त्यातच घालवते आणि घरचे भिंतीच्या कडेकडेने चालतात. मग येतो धावदोरा. तो कडेपासून आत आत घालत जायचं, सासूबाईंची पद्धत.

आता गोधडी गोटापर्यंत, म्हणजे कडेच्या पट्टीपर्यंत आली आहे. गोट लावायचा मला मनस्वी कंटाळा. तो सासूबाईंकडे ढकलायचा बेत आहे, पण त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत.