हशात बुडालेली तार

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हवालदार कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावरून बोटे फिरवतो. तीन तारा गुंजतात आणि एक तार नुसती 'टण्' करून गप्प होते. आमच्या नाटकातल्या खुनाचा निम्मा उलगडा त्या एका आवाजात आहे, आणि पहिल्या प्रयोगाला तो नाट्यगृहातल्या एकाही माणसाला ऐकू गेला नाही, कारण नेमके त्याच क्षणी सगळे प्रेक्षक हसत होते. शेवटच्या प्रवेशात गुप्तहेराने त्या तारेचा उल्लेख केला, तेव्हा 'अरे, खरेच की!' अशी जी कुजबुज उठायला हवी होती ती उठली नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. विंगेत उभी राहून मी ते पाहत होते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमची संस्था सांगलीतली, हौशी. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारे दोघे, एक दंतवैद्य आणि महाविद्यालयात शिकणारी चार मुले असा आमचा संच आहे, आणि रात्री जेवणे उरकल्यावर एका शाळेच्या सभागृहात आमच्या तालमी चालतात. या वर्षी आम्ही प्रथमच विनोदी रहस्यनाट्य करायला घेतले. संहिता आमच्यातल्याच एका सभासदाने लिहिली असून तिची जागा शेजारच्या मिरजेत, सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या बातमीवरूनच त्याला हा विषय सुचला. एका मोठ्या मैफलीच्या आदल्या संध्याकाळी कारखान्याचे वृद्ध मालक मृतावस्थेत सापडतात, तारेने गळा आवळून. तपासाला येतात ते एक निवृत्त पोस्टमास्तर. प्रत्येक साक्षीदाराच्या जबानीवर तारीख-वेळेचा शिक्का मारल्याशिवाय ती खरी मानायची नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे, आणि नाटकातला बराचसा विनोद त्या शिक्क्याभोवती फिरतो.

तारेची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत राहते आणि एका स्वरातून अनेक स्वर फुटावेत तसा गुंजारव होतो. त्यालाच जवारी लागणे म्हणतात. दोरा नसेल तर तीच तार कोरडी वाजते आणि लगेच विझते. आमच्या नाटकातल्या खुन्याने तंबोऱ्याची एक तार काढून वापरली, घाईघाईने तिच्या जागी दुसरी चढवली आणि दोरा घालायचे तेवढे राहून गेले. कारखान्यात वाढलेल्या कारागिराकडून असे कधीच झाले नसते, कारण त्याचे बोट त्या दोऱ्याकडे आपोआप गेले असते. म्हणजे त्या एका 'टण्'ने निम्मे संशयित निर्दोष ठरतात. उरलेल्यांपैकी खुनी कोण हे मात्र मी येथे लिहिणार नाही, कारण प्रयोग अजून व्हायचे आहेत.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराच्या हाती लागलेला दुवा वाचकासमोरही लगेच ठेवला गेला पाहिजे, असा त्यांतला एक नियम आहे. कादंबरीत हे तुलनेने सोपे आहे, कारण शंका आली तर वाचक पाने मागे उलटून पाहू शकतो. नाटकाच्या प्रेक्षकाला ती सोय नाही. दुवा रंगमंचावर ठेवला म्हणून तो प्रेक्षकापर्यंत पोहोचला असे होत नाही, आणि नाटक विनोदी असेल तर हशा आणि पुरावा दोघेही त्याच एका क्षणावर हक्क सांगत असतात. पहिल्या प्रयोगानंतर मला जे कळले ते एवढेच, पण ते मी आधी ओळखायला हवे होते. रंगीत तालमीला समोर आमचीच दहा-बारा माणसे होती. त्यांना विनोद पाठ झालेले असल्यामुळे कोणी हसले नाही आणि तार स्वच्छ ऐकू आली. चारशे माणसांसमोर तेच दृश्य पूर्ण वेगळे झाले.

चूक कुठे होती ते सांगते. हवालदार तंबोऱ्याकडे बोट दाखवून पोस्टमास्तरांना म्हणतो, "साहेब, इथं हा एकच साक्षीदार असा आहे की हात लावला की बोलतो." हे म्हणून झाल्यावर तो तारा छेडतो. संहितेत वाक्य आधी होते आणि बोटे नंतर. वाक्याला जोरदार हशा पिकला, तारा त्या हशाच्या ऐन भरात वाजल्या आणि बुडाल्या. शिवाय तंबोरा मागच्या बाजूला, कामाच्या मेजाशेजारी ठेवलेला होता आणि फूट माइक रंगमंचाच्या कडेला, त्यामुळे आधीच बारीक असलेला आवाज पुढे येणे शक्यच नव्हते.

आवाज ध्वनिमुद्रित करून वाजवावा, अशी सूचना पुढे आली. मी ती मान्य केली नाही. नट तारेला बोट लावतो आहे आणि आवाज भिंतीवरच्या कर्ण्यातून येतो आहे हे प्रेक्षकाला लगेच समजते, आणि ज्या पुराव्यावर सगळा निवाडा उभा आहे तो पुरावाच बनावट वाटू लागतो. आम्ही तंबोरा पुढे आणला, उजव्या बाजूच्या फूट माइकपासून चार पावलांवर, आणि तो तिथे का आहे यासाठी पहिल्या अंकात मालकांच्या मुलीला तिथेच बसून रियाज करायला लावले. त्यामुळे चारही तारा जवारीत कशा वाजतात हे प्रेक्षकांच्या कानावर आधीच पडले. याशिवाय पुढची तुलना होणारच नव्हती, आणि ही गोष्ट लेखकाच्या, माझ्या व संगीत सांभाळणाऱ्या सभासदाच्या, अशी तिघांच्याही नजरेतून सुटली होती.

त्यानंतर वाक्याची जागा बदलली. आता हवालदार आधी तारा छेडतो. टण् होते. मालकांची मुलगी, जी चहाचे कप उचलत असते, एकदाच मान वळवून तंबोऱ्याकडे पाहते आणि पुन्हा कपांकडे वळते. त्यानंतर हवालदार वाक्य म्हणतो आणि हशा येतो. हशा पुराव्याच्या मागोमाग आला की तो पुराव्यावर हळूच पांघरूण घालतो: प्रेक्षकाने ऐकलेले असते, पण त्यावर विचार करायला त्याला उसंत मिळत नाही. विनोदी रहस्यनाट्यात विनोदाचे खरे काम हेच आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे. या बदलाने हवालदाराचा हशा थोडा उणावला, कारण वाक्यानंतर लगेच तारा वाजण्यात जी गंमत होती ती गेली. त्या नटाने दोन दिवस नाराज राहून अखेर ते स्वीकारले, आणि हौशी नटाने स्वतःचा पिकलेला हशा सोडून देणे म्हणजे काय हे ज्यांनी कधी मुखरंग लावला आहे त्यांना सांगायला नको.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभे केले तेव्हा सूत्रधाराच्या पाठोपाठ विदूषक रंगमंचावर येत असे. आमचा हवालदार त्याच्याच वंशातला आहे, असे मी त्या नटाला तालमीत सांगितले होते: विदूषक मोकळेपणाने बोलतो म्हणून त्याच्या बोलण्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, आणि म्हणूनच त्याच्या हाती सर्वांत महत्त्वाची वस्तू निर्धास्तपणे देता येते.

हौशी रंगभूमीवर रहस्य राखण्यात आणखी एक अडचण असते, जी व्यावसायिक नाटकात कमी भासते. प्रेक्षक नटांना ओळखत असतात. संस्थेतला सर्वांत कसलेला नट कोणता हे गावाला ठाऊक असते, आणि मोठी भूमिका त्याच्याकडेच जाणार, म्हणजे खुनी तोच, असा हिशेब पहिली घंटा होण्याआधीच मांडला जातो. म्हणून आमच्या सर्वांत अनुभवी नटाला, ज्यांनी राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाची पदके मिळवलेली आहेत, आम्ही कारखान्याचे मालक केले आणि पहिल्या अंकाच्या अखेरीस मारून टाकले. त्यांचा देह मेजामागून कलंडला तेव्हा प्रेक्षागृहात जी शांतता पसरली ती मला दुसऱ्या कशानेही मिळाली नसती. त्यानंतर सात मिनिटे ते निश्चल पडून असतात. श्वास दिसू नये म्हणून त्यांना कुशीवर, पाठ प्रेक्षकांकडे करून आणि कारागिराचा सैल सदरा घालून निजवले आहे. तरी पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलाने "आजोबा हलले!" असे मोठ्याने सांगितलेच. ते त्यांच्याच इमारतीत राहणारे मूल होते. देह तसाच पडून राहिला, आणि मृतदेहाची भूमिका ही भूमिकाच असते हे आमच्या तरुण मुलांनी त्या दिवशी पाहिले.

लंडनमध्ये १९५२ पासून, करोनाकाळातला खंड वगळता, सतत चालू असलेल्या एका रहस्यनाट्याच्या शेवटी खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. आम्हीही पडदा पडण्यापूर्वी तशी विनंती केली. लोकांनी ती बऱ्यापैकी पाळली, एवढेच म्हणते.

दुसरा प्रयोग झाला तेव्हा आम्हाला तंबोरा देणारे मिरजेचे कारागीर तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या प्रयोगाला ते येऊ शकले नव्हते आणि कथानक त्यांना आम्ही मुद्दाम सांगितले नव्हते. दुसरा अंक सुरू झाला, हवालदाराने बोटे फिरवली, टण् झाले, मुलीने मान वळवली. हवालदार वाक्य उच्चारण्यापूर्वी जो क्षणभराचा विराम आम्ही ठेवला आहे त्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "दोरा नाही." अगदी हलका, स्वतःशीच बोलल्यासारखा. मग वाक्य आले, हशा आला, नाटक पुढे गेले. शेवटच्या प्रवेशात पोस्टमास्तर शिक्का खाली ठेवून म्हणाले, "हात लावला की बोलतो म्हणालात ना, हवालदार? चारांतला एक बोलला नव्हता," आणि या वेळी प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगांपर्यंत कुजबुज गेली.

प्रयोग संपल्यावर नारळ, हार आणि छायाचित्रे यांच्या गडबडीत ते कारागीर रंगमंचावर आले. कोणाशी फारसे बोलले नाहीत. तंबोऱ्याजवळ बसले, खिशातून सुताचा तुकडा काढून त्या तारेखाली सरकवला, नखाने एक-दोनदा इकडेतिकडे केला, आणि चारही तारा गुंजल्यावर नमस्कार करून निघून गेले. पुढच्या प्रयोगाआधी तो दोरा काढायचा आहे. आमची प्रॉपर्टी सांभाळणारी मुलगी मला विचारत होती, तो तिने काढावा की त्यांनाच बोलावून काढून घ्यावा. मी त्यांना फोन केला आहे.