पुढच्या थंडीच्या मापाचं

खानदेशात लोकरीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात शूर मानते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, अशा मुलखात फळीवर लोकरीच्या लच्छ्या रचून दिवाळीची वाट बघत बसायचं म्हणजे खायचं काम नाही. आमच्या जळगावात अशी दुकानं नुसती लोकरीची नसतातच म्हणा. बटणं, फॉल, अस्तर, लेस, साडीपिना आणि एका कोपऱ्यात लोकर. वर्षातले आठ-नऊ महिने त्या कोपऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या पहाटे सातपुड्याकडून वारं सुटतं, आणि त्याच दिवशी दुपारी आम्ही चार-पाचजणी त्या कोपऱ्यापुढे उभ्या राहून 'हाच रंग पण जरा गडद नाही का' असं विचारत असतो.

बाहेरच्यांना आमची थंडी पटत नाही. पुण्याची माझी नणंद अजून म्हणते, "वहिनी, तुमच्याकडे कसली आलीय थंडी!" तिला धुळ्याचा पारा दाखवावा लागतो. पाच-सहा अंशांवर धुळं आलं की पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. नंदुरबारकडे तोरणमाळ, डाब या डोंगरातल्या गावांत तर गवतावरचं दव गोठून पांढरं पडतं. पण या थंडीची एक खोड आहे. ती दिवसा नसतेच. सकाळी दातावर दात वाजतात आणि दुपारी बारा वाजता २८-३० अंशांत माणूस पंख्याचं बटण शोधतो. स्वेटरची ड्यूटी संध्याकाळी सात ते सकाळी नऊ, तीही फार तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत.

आता हिशेब बघा. दहा नंबरची सुई आणि चार पदरी लोकर घेतली, हात फार सैल किंवा फार घट्ट नसला, तर चार इंचांत २८ टाके आणि ३६ ओळी बसतात. मोठ्या माणसाच्या स्वेटरची नुसती पाठ वीस इंच रुंद आणि चोवीस इंच लांब धरली तर तीस हजार टाके होतात. मुंढ्याचे टाके घटतात ते सोडून द्या. पुढचा भाग तेवढाच, दोन बाह्या, गळ्याची पट्टी, शिवण. हे सगळं रात्रीची जेवणं उरकल्यावर, मालिका बघता बघता. थंडी पडल्यावर टाके घातलेला फुल स्वेटर रथसप्तमीच्या सुमाराला सुयांवरून उतरतो, आणि तेव्हा ज्याच्यासाठी विणला तो सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून हिंडत असतो. बाजारात जा, मशीनचा स्वेटर घ्या, पाच मिनिटांत अंगात. शहाणपणाचं तेच आहे. पण आमच्या घरी शहाणपण आणि विणकाम या दोन गोष्टी कधी एका पिशवीत राहिल्या नाहीत.

त्यामुळे खानदेशातल्या विणणाऱ्या बाईला यंदाच्या मापाचं विणून चालत नाही. तिला पुढच्या थंडीचं माप घ्यावं लागतं. मोठ्यांचं ठीक, त्यांचा फरक पोटापुरता. पोरांचं काय करायचं? आठ वर्षांचा मुलगा पुढच्या डिसेंबरात केवढा असेल हे कोण सांगणार? माझ्या सासूबाई सांगायच्या. त्या टेप वापरत नसत, विती आणि बोटांवर त्यांचं गणित चाले. पोराला पाठमोरं उभं करायच्या, खांद्यापासून कमरेपर्यंत वीत टाकायच्या आणि मग, हे मला फार आवडायचं, पोराच्या बापाला जवळ बोलावून त्याचं मनगट बघायच्या. "हाडं बापाची घेतलीत. बाही तीन बोटं वाढव." नातीच्या वेळी आईचे खांदे बघितले जायचे. सगळ्या घराण्याची हाडं त्यांना पाठ होती. आजारपणात मामंजी बारीक झाले तेव्हा डॉक्टरांच्या आधी ते त्यांच्या लक्षात आलं, कारण बंडीची कड ढिली पडली होती.

बाही त्या मनगटापासून वर विणत नसत. मुंढ्याचे टाके उचलून खांद्याकडून खाली यायच्या. त्यात मेख आहे. विणकाम जिथे संपतं त्या टोकाकडून सरसर उसवतं, सुरुवातीच्या टोकाकडून उसवायला गेलं तर गुंता होतो. बाही खांद्याकडून खाली विणली की शेवट मनगटाशी येतो. पुढच्या वर्षी पोरगं वाढलं की नुसती मनगटाची पट्टी उसवायची, दोन इंच वाढवायचे आणि पट्टी पुन्हा घालायची. अडचण एकच. तोच रंग पुन्हा मिळत नाही. दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "ताई, सेम शेड", पण रंगाचा घाणा बदलला की उन्हात नेल्याबरोबर फरक दिसतो. मग सासूबाई सरळ वेगळाच रंग लावायच्या. माझ्या मुलाच्या निळ्या स्वेटरला आधी पिवळा, मग तपकिरी, मग शाळेच्या मफलरीतून उरलेला मरून पट्टा आला. शेजारणीला ती फॅशन वाटली. तिनं नमुना मागून नेला.

मी मघापासून लोकर लोकर म्हणतेय, पण लच्छीवरचा कागद वाचला तर बहुतेक वेळा तिथे शंभर टक्के ॲक्रिलिक असं छापलेलं असतं. म्हणजे खनिज तेलापासून कारखान्यात काढलेला धागा. मेंढीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि गंमत अशी की मेंढ्या आमच्या दारावरून जात असतात! पिकं निघाली की ठेलारी मेंढपाळांचे कळप रानात उतरतात, शेतकरी खतासाठी चार रात्री मेंढ्या बसवून घेतो. त्या मेंढीची लोकर जाड आणि चरबरीत. तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ दिली की ताठ उभी राहील अशी, पण नातवाच्या गळ्याशी ती लोकर लावायची कुणाची छाती नाही. म्हणून मेंढ्या बघत बघत आम्ही ॲक्रिलिक विणतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. ॲक्रिलिक स्वस्त आहे, टोचत नाही, घरी धुता येतं, रंग भडक लागतात आणि भडक रंगाचं आमच्या भागाला वावडं नाही. त्याला गोळे धरतात आणि गरम इस्त्री लागली की ते कायमचं लुळं पडतं, एवढं सांभाळायचं.

आणि डांबराच्या गोळ्या! होळी झाली की घराघरांत स्वेटर धुऊन, घडी घालून, वर पांढऱ्या गोळ्या टाकून ट्रंकेत जातात. पुढच्या नोव्हेंबरात ट्रंक उघडली की तो वास घरभर सुटतो, आणि तोच आमच्या हिवाळ्याचा वास. वास्तविक कसरीची अळी खाते ती खऱ्या लोकरीतलं केरॅटिन, आपल्या केसा-नखांत असतं तेच. ॲक्रिलिकमध्ये तिला खायला काही नाही. तरी आम्ही वर्षानुवर्षं गोळ्या टाकतोय. हे मी एकदा घरात सांगून पाहिलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि यंदाही गोळ्या आल्या.

मात्र एका बाबतीत ॲक्रिलिकला सांभाळूनच घ्यावं लागतं, ते म्हणजे भरीत पार्टी. थंडीत आमच्याकडे शेतात भरीत झाल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. हिरवी-पांढरी भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायची, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, तेल, आणि सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. काड्या तडतडतात, ठिणग्या उडतात. अंगात खरी लोकर असेल तर ठिणगी केस जळल्याचा वास सोडून जागीच विझते. ॲक्रिलिक वितळतं. भोक पडतं आणि भोकाच्या कडेला कडक काळा मणी राहतो. आमच्या घरातल्या पुरुषांचे स्वेटर पुढून बघितले की कोण भाजायला बसतं आणि कोण नुसतं खायला येतं, हे लगेच कळतं. अशी भोकं मी बुजवते, पण मणी कात्रीनं कापल्याशिवाय टाके उचलता येत नाहीत.

क्रोशाबद्दल माझं मत जरा कडक आहे. साखळी, मुका खांब, खांब हे सगळं मला येतं, पण क्रोशाचा स्वेटर मला आवडत नाही. लोकर जास्त खातो आणि अंगावर जाड बसतो. क्रोशे शालीला, बाळाच्या टोपड्याला, उरल्यासुरल्या लोकरीच्या चौकटी जोडून केलेल्या पांघरुणाला. टीव्हीवर, फ्रिजवर, पाण्याच्या माठावर क्रोशाचे रुमाल घालायचा काळ गेला ते एका परीनं बरं झालं. फ्रिजला कधी थंडी वाजल्याचं ऐकिवात नाही. एक गोष्ट मात्र क्रोशाच्या बाजूनं सांगायला हवी. दोन सुयांचं विणकाम यंत्रानं केव्हाच उचललं. विल्यम ली नावाच्या इंग्रजानं १५८९ मध्येच विणण्याचं यंत्र तयार केलं होतं. क्रोशाचं तसं झालं नाही. बाजारात क्रोशे म्हणून मिळतं ते हातचं असतं, नाहीतर यंत्रानं केलेली नक्कल.

यंत्राचं विणकाम बघायचं तर दर हिवाळ्यात येणारा तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार आहेच. १९५९ नंतर तिबेटमधून आलेल्या निर्वासितांपैकी कितीतरी कुटुंबांनी थंडीत गावोगाव स्वेटर विकायचा धंदा धरला. माल बहुतेक लुधियान्याचा. मी तिथे नमुने बघायला जाते, घ्यायला क्वचित. एका दुकानातली मावशी समोर मशीनच्या स्वेटरांची थप्पी लावून स्वतः मात्र मांडीवर सुया घेऊन विणत बसलेली असते. "किसके लिए?" विचारलं, तर "पोता" म्हणाली. मी तिच्या बाहीची पट्टी बघितली, तिनं माझ्या पिशवीतली बघितली. भाव करायचा राहूनच गेला.

घरात सगळ्यात जास्त खप कानटोपीचा. खानदेशी माणसाची ठाम समजूत आहे की थंडी कानातून शिरते. अंगात नुसता सुती सदरा असेल, पायात चप्पल, पण कान बांधलेले हवेत. त्यातून माझे धाकटे काका, नाना, चोपडा तालुक्यात केळी आणि गहू करतात. शेतीची लाइट पाळीनं येते आणि रात्रीची पाळी आली की मध्यरात्री मोटार चालू करून गव्हाला पाणी भरायचं. केळीची काळजी वेगळीच. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ अडते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. म्हणून नाना घडांना पिशव्या घालतात, बागेच्या उत्तरेला नेट बांधतात, पहाटे पालापाचोळा पेटवून धूर करतात. मी म्हटलं, "नाना, घडाला पिशवी घालता, आणि स्वतःच्या कानाला उपरणं गुंडाळून जाता?" तर म्हणाले, "केळीले भाव शे. मना कानले काय भाव?"

त्यांच्यासाठी मी टोपी विणली. पट्टी एक सुलट एक उलट, घेर डोक्यापेक्षा दोन इंच कमी, कारण ही वीण ताणते. कानावर दुहेरी लोकर. नानांनी ती घातली, आरशात बघितलं आणि विचारलं, "हाई टोपी शे का टोपलं?" तरी नेली. दुसऱ्या दिवशी फोन. "मोटारना आवाजच आयकू येत नही!" मला आधी हसू आलं, पण त्यांचं खरं होतं. रात्री बांधावर बसलेला माणूस कानानं शेती करतो. मोटार आवाज बदलते तेव्हा विहिरीत पाणी खाली गेलेलं असतं. आवाज बंद म्हणजे लाइट गेली. मक्याच्या बाजूला खसखस झाली की रानडुकरं. दुहेरी लोकरीत कान बुजले तर ते बसणार कशाच्या भरवशावर?

मग कानावरचा भाग उसवला. तिथे टाके उचलून क्रोशाची जाळी भरली, एक खांब, एक साखळी, एक खांब. वाऱ्याला थोडी आडकाठी, आवाजाला वाट. ज्या क्रोशाला मी नावं ठेवते तोच कामाला आला, हे घरात सगळ्यांनी लक्षात आणून दिलं. नानांनी ती टोपी रात्रीच्या दोन पाळ्या वापरली. फोनवर म्हणाले की मोटार ऐकू येते, टोपी झकास आहे, पण डाव्या कानात वारं शिरतं. वारं डावीकडून, विहीर उजवीकडे, तेव्हा जाळी उजव्या कानापुरतीच ठेव. डावा कान पुन्हा दुहेरी लोकरीनं बंद कर.

तसं केलं. टोपी परवा गावाकडच्या बसनं पाठवली. मक्यावर नजर ठेवायची तर नानांना बांधाच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसावं लागतं, आणि तिथे विहीर डावीकडे येते. हे माझ्या लक्षात बस गेल्यावर आलं. बघू, फोन येतो का ते.