भट्टीवरून बर्फात : चार महिन्यांची बिनपगारी रजा

साहेबांनी रजेच्या अर्जावर पहिल्यांदा सही केलीच नाही. "लग्न ठरलंय? घरात कोण आजारी आहे?" दोन्हीला नाही म्हटल्यावर कागद पालथा घालून ठेवला. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या त्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत मला नऊ वर्षं झाली होती, शेवटची पाच इन्स्पेक्शनला. या नऊ वर्षांत सलग आठ दिवस रजा मी कधी घेतली नव्हती. आता एकदम चार महिने मागत होतो, तेही गुलमर्गला स्कीच्या दुकानात कामाला जायला.

हे डोक्यात शिरलं २०२२च्या सहलीत. आम्ही मित्र चार दिवस गुलमर्गला गेलो होतो. बाकीचे फोटो काढत होते आणि मी भाड्यानं स्की देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत तासभर उभा होतो. तिथं एक वयस्कर गृहस्थ शिकंज्यात स्की उभी धरून कानस मारत होते. पोलादी धारेवरून कानस फिरताना होणारा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. निघताना फोन नंबर घेतला आणि पुढचं वर्षभर अधूनमधून बोलत राहिलो. शेवटी त्यांनीच मालकाशी गाठ घालून दिली. महिना चौदा हजार, राहणं-जेवण दुकानाकडं, काम स्कीच्या दुरुस्तीचं.

परदेशाचाही विचार केला होता. कॅनडा, न्यूझीलंडच्या स्की रिसॉर्टमध्ये जगभरातली पोरं हंगामापुरती कामाला जातात, पण ती बहुतेक वर्किंग हॉलिडे व्हिसावर, आणि न्यूझीलंडच्या त्या योजनेत भारत नाही. मी ३३ वर्षांचा. वयाची अट असलेले बाकीचे दरवाजे पण बंदच होते. गुलमर्गला व्हिसा लागत नाही, भाषेची अडचण नाही, आणि तिथं मला नावानं ओळखणारा एक माणूस होता.

दुसरा अर्ज मी वेगळा लिहिला. जायची तारीख, परत हजर व्हायची तारीख, माझ्या जागी कोण बसणार, त्याला सहा आठवडे मी कसा तयार करणार, असं सगळं एका पानात. पगार नको, पण नोकरी चालू राहील आणि कंपनीच्या आरोग्य विम्यातून आई-आबांचं नाव निघणार नाही, एवढं लेखी मागितलं. असा विचार करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की हे तोंडी शब्दावर सोडू नका. रजेच्या महिन्यांत पीएफ भरला जात नाही, हेही आधीच विचारून घेतलं होतं. अपघात विमा मात्र वेगळा काढावा लागला. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुतेक वगळलेले असतात आणि ते अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली. घरी आबा म्हणाले, "चांगली नोकरी सोडून बर्फात जाऊन काय करणार हैस तू?" सोडत नाही हो, रजा आहे, असं समजावण्यात आठवडा गेला. शेवटी घरखर्चाचे चार महिन्यांचे पैसे आईच्या खात्यावर टाकले आणि पासबुक त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते गप्प झाले. आईनं दोन किलो कांदा-लसूण चटणी बांधून दिली.

मालकांनी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला होता, तो काढला. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून पोस्टपेड करून घेतलं. १० डिसेंबर २०२३ला निघालो. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनं जम्मू, तिथून सुमोनं बनिहाल, आणि पुढं पीर पंजालच्या ११ किलोमीटरच्या बोगद्यातून रेल्वेनं श्रीनगर. तंगमर्गपासून वर १३ किलोमीटरचा वळणाचा घाट. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग साडेसव्वीसशेवर. पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं.

आणि बर्फच नव्हता.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात. हीच कडाक्याची थंडी, याच दिवसांतला बर्फ टिकतो. त्या वर्षी चिल्लई कलां सुरू झाली, नळ गोठले, रात्री पारा शून्याखाली जायला लागला, तरी आभाळ कोरडंच. हिवाळ्यात तिकडं बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राच्या बाजूनं येतात, आणि तेच त्या हंगामात दुबळे निघाले. जानेवारीत गुलमर्गचं ते प्रसिद्ध पठार वाळक्या गवतानं तपकिरी पडलं होतं. एवढा बिनबर्फाचा जानेवारी जुन्या माणसांनाही आठवत नव्हता. बुकिंगं रद्द झाली, घोडेवाले आणि स्लेजवाले रिकामे बसून राहिले. मालकांनी आम्हाला अर्ध्या पगारावर आणलं. ठरलेल्या पैशाला कात्री लागली याचा मला राग आला होता, अजूनही आहे, पण त्यांचाही गल्ला मी रोज रिकामा बघत होतो. रात्री बुखारीशेजारी, म्हणजे तिथल्या लाकडाच्या शेगडीशेजारी, बसून आईला फोन करायचो तेव्हा ती विचारायची, "पडला काय रे बर्फ?" तिकडं पावसाची वाट बघणारा शेतकरी जसा आभाळाकडं बघतो, तशी इथं सगळी वस्ती अफरवटच्या डोंगराकडं बघायची.

त्या रिकाम्या महिन्यातच मी खरं काम शिकलो. त्या वयस्कर गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणायचे. आपल्या तालमीतले वस्ताद तेच, त्यामुळं मला तो शब्द लगेच तोंडात बसला. मागच्या खोलीत भाड्याच्या साठ-पासष्ट जोड्या होत्या, निम्म्यांच्या धारा गंजलेल्या. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी असते. घट्ट बर्फावर वळताना आणि थांबताना तीच धरते. पट्टीची बाजू काटकोनात ठेवत नाहीत, दोन अंश आत घेतात, म्हणजे ८८ अंशांचा कोन. उस्ताद हे नजरेनं करायचे आणि त्यांचं बरोबर यायचं. आम्ही बाकीचे मारायला गेलो की कोन टोकाला एक, मध्ये दुसरा.

नऊ वर्षं गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, हातात धरलेल्या माणसाला हे बघवत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझा एक मित्र मिलिंगचं काम करतो. त्याला फोनवरून मापं दिली, कागदावर काढून फोटो पाठवला. ॲल्युमिनियमचा वितीएवढा ठोकळा, एक तोंड दोन अंशांत कापलेलं, कानस बसवायला खाच आणि दोन स्क्रू. स्पीड पोस्टानं अकरा दिवसांत आला. ठोकळा स्कीच्या तळाला टेकवायचा आणि शेंड्यापासून शेपटापर्यंत एकाच दिशेनं ओढायचा, कोन हलतच नाही. उस्तादांनी पहिली धार झाल्यावर अंगठ्याचं नख त्यावरून आडवं ओढलं. नखाची बारीक भुकटी धारेवर आली. "चलेगा," एवढंच म्हणाले, आणि दुसरी स्की शिकंज्यात लावली. धारेवर राहिलेली बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, ते दगडानं काढायचे, आपल्याकडं कास्टिंगची काढतात तशीच.

मेण लावणं मला त्याहून आवडलं. कांडी इस्त्रीला टेकवायची, थेंब तळावर ओळीनं पडत जातात, मग इस्त्री सावकाश फिरवायची. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली, आणि जास्त तापली तर प्लॅस्टिकचा तळ करपतो. अर्धा तास निवू द्यायचं, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं सगळं खरवडून काढायचं. वर दिसणारं मेण कामाचं नाही, आत मुरलेलं कामाचं. शेवटी नायलॉनचा ब्रश.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे उस्तादांनी दार वाजवलं. बाहेर गुडघ्याच्या खालपर्यंत पांढरं होतं आणि पडतच होतं. ते फेरनच्या (लांब लोकरी झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून नुसते उभे होते. मी आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडं साडेसहाचा अंधार, ती देवघरातून उठून आली आणि आबांना हाका मारायला लागली.

त्यानंतर श्वास घ्यायला वेळ नव्हता. सकाळी नऊला दुकानासमोर रांग. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याचा, आकडा लावायचं काम माझ्याकडं आलं. बूट किती जोराला सुटायचा ते या आकड्यावर ठरतं आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि येणाऱ्याचं कौशल्य बघून काढतात. आकडा जास्त लावला तर पडताना बूट सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. कमी लावला तर चालत्या उतारावर सुटतो. लोक वजन कमी सांगतात आणि कौशल्य जास्त. मी वजनकाटाच मागवून दारात ठेवला. दोघंतिघं चिडून दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ दिले. या एका गोष्टीत कुणाचीही भीड धरू नये, असं मला आजही वाटतं.

स्वतः स्की शिकलो ते दुपारच्या तासाभरात, खालच्या बाळ-उतारावर. गुडघे वाकवून, छाती पुढं, वजन बाहेरच्या पायावर. लहानपणी पेठेतल्या तालमीत पवित्रा शिकवताना वस्ताद हेच ओरडायचे, त्यामुळं कंबर लवकर बसली. मार्चमध्ये गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावरून, कोंगडूरीहून, न पडता खाली आलो. दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. तिथून स्की करत उतरायची माझी तयारी नव्हती आणि मी उतरलो नाही.

२१ फेब्रुवारीला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, गाव गजबजलेलं. दुसऱ्याच दिवशी डोंगरावर हिमकडा कोसळला आणि एक रशियन स्कीअर त्यात गेला. बाकीच्यांना बाहेर काढलं. त्या संध्याकाळी दुकानात कुणी बोलत नव्हतं. नमकीन चहा आला आणि तसाच थंड झाला.

मार्चअखेर निघालो. हिशेब उघड सांगतो : तिथं हातात आले सत्तेचाळीस हजार, घरी चार महिन्यांत बचतीतून गेले एक लाख दहा हजार. पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, फाउंड्रीत हजर झालो. भट्टीतून चौदाशे अंशांचं लोखंड लाडलीत, म्हणजे ओतायच्या भांड्यात, उतरत होतं आणि तेवढ्या अंतरावरून तोंडावर आलेली धग मला महिनाभर नवी लागत राहिली.

ऑक्टोबरमध्ये उस्तादांचा फोन आला. तसले दहा ठोकळे पाहिजेत, शेजारच्या दुकानांनीही मागितलेत. मित्रानं आठवड्यात कापून दिले. साहेबांना विचारून, शिफ्ट संपल्यावर इन्स्पेक्शनच्या टेबलावर एकेक तपासला. आठ बरोबर दोन अंशांत बसले, ते दिवाळीच्या आधी तंगमर्गच्या पत्त्यावर पाठवले. उरलेले दोन ठोकळे पाऊण अंशानं चुकले होते. ते परत उद्यमनगरात दिलेत.